तुदाची सर्दी

घराचं विचारलंस, शेजारच्या बास्सूच्या खेचराचं विचारलंस, अक्रोडाच्या झाडांचंसुद्धा विचारलंस. आणि शेवटच्या ओळीत काय, तर ‘आईची सर्दी कशी आहे?’ जीभ झडते का रे तुझी?

प्रिय हद्दू, आता सलाम घे.

तुझ्या आईला कॅन्सर आहे. लिहिला बघ शब्द. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात गिरवलेली अक्षरं अशा कामी येतील असं वाटलं नव्हतं. आपल्या डोंगरात त्याचं नाव घेतलं की तो ऐकून घरात येतो म्हणे, म्हणून माझ्या लेकीला, तुदाला, सगळ्यांनी मिळून सर्दी लावली. भूकंप झाला, मराकेशचा रस्ता दरडीखाली गेला आणि तुदाची तिथल्या इस्पितळात औषध चढवून घ्यायची खेप हुकली. मग हेलिकॉप्टर आलं. नर्सनं विचारलं, या बाईला काय होतंय? तुझी मावशी म्हणाली, सर्दी! नर्सनं खोकल्याची बाटली हातात ठेवली आणि पाय मोडलेल्यांना घेऊन हेलिकॉप्टर उडालं.

मग मी मैदानात उभी राहून ओरडले, कॅन्सर आहे माझ्या लेकीला, औषध चुकलं तर मरेल, आता पळा शब्दाला भिऊन! माणसं आपापल्या मढ्यांपाशी बसलेली. कुणी हललं नाही. मग बास्सू उठला. सकाळीच बायकोला माती देऊन आला होता. म्हणाला, म्हातारे, ओरडू नकोस, खेचर बुजेल. आणि खोगीर कसायला लागला. त्याच्यामागून बाकीचे उठले. ज्या हातांनी आपली माणसं उकरून काढली, त्याच हातांनी त्यांनी दरडीतून खेचरापुरती वाट काढली. डोंगर हलताना मी पाहिला, हद्दू. पण हे पाहून माझी वाचा बसली. माझी!

मराकेशात आणखी नवल. भिंतींचा भरवसा नाही म्हणून सगळे रोगी इस्पितळाच्या अंगणात. संत्र्याच्या फांद्यांना औषधाच्या पिशव्या टांगलेल्या, त्यांतून ऊन झिरपत होतं. तुदाला थेंब थेंब औषध चढत होतं आणि मी मान वर करून बघतच राहिले. असं फळ धरलेलं झाड जन्मात पाहिलं नव्हतं.

आता कामाचं बोलते. औषधाच्या पुढच्या खेपा राहिल्यात, रस्ता अजून बंद आहे आणि तुझी आई जायचं नाही म्हणते. लोकांची लेकरं गेली, कोणत्या तोंडानं त्यांचं खेचर मागू, म्हणते. बास्सू खेचर घेऊन तंबूपुढे उभा राहतो, ही तोंड फिरवून बसते. माझं ऐकत नाही. हट्ट माझ्याकडूनच उचललाय. तुझं ऐकेल. लिही तिला, की आई, तू मला हवी आहेस, जा. तिला वाचता येत नाही. मी वाचीन, सगळ्या तंबूंना ऐकू जाईल असं.

तुझीच आजी,
इज्जा

उत्तर तूच लिहायचंस, बायकोकडून लिहून घ्यायचं नाही. आणि मला नको, तुदाला.