मापात बसवलेला कोट

१२ मार्च

ताई,

नमस्कार. भाऊजींचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे, कंबर सोडून. सध्या एका सिनेमाचे कपडे शिवते आहे. लढाई संपत आली तेव्हा शाळेतून उचलून नेलेल्या पोरांची गोष्ट आहे. तू म्हणशील, तुला हेच काम मिळालं का! मलाही कळत नाही, मी हो का म्हटलं.

काल फजितीच झाली. बावीस पोरं रांगेत उभी केली, तर दिग्दर्शक खेकसला, "अहो मावशी, हे काय करून ठेवलंत? कोट अंगावर लोंबायला हवेत. ही तर खरीच सैनिक दिसतायत!" मी सगळे मापात बसवले होते. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपसूक चालले. मग दिवसभर उसवत बसले, रडत बसले.

आपला बारक्या गेला तेव्हा तू सासरी होतीस. सोळा वर्षांचं पोर दिसलं नाही का मेल्याला, म्हणून तू अजून त्या भरतीच्या साहेबाला शिव्या घालतेस. त्याला दिसलं होतं गं. बारक्याचं नाव यादीत होतं, तरी त्याने त्याला घरी पाठवलं. कोट गुडघ्याखाली आलेला बघून म्हणाला, "हा घेऊन जा. अंगात बसेल तेव्हा ये."

मी पडले शिंपीण. मला वाटलं, कोट बसवायला सांगितलाय.

खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या, छाती भरदार दिसावी म्हणून आतून पट्टी घातली. बारक्याने हट्ट धरला की मीच म्हटलं, "आण इकडे"? तेच आठवत नाही बघ. साहेबाने दया केली होती हे मला काल उसवताना कळलं, की तेव्हाच कळलं होतं? माझं डोकं चालत नाही. आरशात बघून तो हसला होता, आणि मीही हसले होते. एवढं नक्की.

तोच कोट घालून तो पुन्हा भरतीला गेला, आणि साहेबाने घेतलं. त्यानंतर आठव्या दिवशी लढाई थांबली. तो सहाव्या दिवशी मारला गेला.

आईला सांगायचं धाडस झालं नाही. आता तूच उरलीस. दरवर्षी त्याच्या दिवशी तू मला बोलावतेस, जवळ घेतेस, माझे डोळे पुसतेस. यंदा नाही बोलावलंस तर मी समजेन. बोलावलंस तर कुठल्या तोंडाने येऊ, ते कळत नाही.

भाऊजींना नमस्कार. पत्र त्यांना दाखव, नाहीतर नको दाखवू.

तुझी
(पुढे 'बहीण' लिहायचं होतं. ते तू ठरव.)