दुर्बिणीतून इंगळीचं बाळंतपण

१२ सप्टेंबर १९९८, शनिवार. सकाळी ७.१०
शलाका कॅम्पला गेली. वीस दिवस, डांगातलं वघईचं जंगल. ऐन नवरात्रात बडोद्याच्या पोरींना जंगलात नेणारा प्राध्यापक आपला मराठीच असणार. आहेच. घाटगे सर. गरबा बुडणार म्हणून जीपमध्ये सगळ्या तोंडं पाडून बसल्या होत्या.

जाताना तिनं आपली इंगळी माझ्या स्वाधीन केली. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टची. काळी, पोटुशी. शलाका म्हणते बोटभर लांब, मला वीतभर दिसली. जुन्या फिश टँकमध्ये माती, कौलाचा तुकडा, पाण्यासाठी बाटलीचं बूच. सौ. म्हणाली, मी बघते. शलाका म्हणाली, नको आई, पप्पांना करू दे. वाघोडियाच्या कंपनीतून व्हीआरएस घेऊन सात महिने झाले, त्यानंतर मला कुणी काम सांगितलं ते हे पहिलंच.

रजिस्टर दिलंय. पिल्लं किती झाली, कात कधी टाकली, आईच्या पाठीवरून खाली कधी उतरली, हे महत्त्वाचं. पहिल्या पानावर तिनं लिहिलंय, 'निरीक्षक : हिंमतराव'. पोरीचं अक्षर चांगलं आहे.

संकल्प : रोज सकाळी सात व संध्याकाळी सात, जातीनं निरीक्षण.

संध्याकाळी ७.४०
निरीक्षण झालं. दारातून. इंगळी कौलाखाली आहे असं समजायला हरकत नाही.

एक नमूद करून ठेवतो. मला इंगळीची भीती वाटत नाही. किळस येते. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पणजोबा सुभानराव सरकारी रिसाल्यात होते. तंबूत विंचू निघाला की नांगीला धरून बाहेर फेकत, आणि तेच हात धोतराला पुसून जेवायला बसत. रक्त तेच आहे. पण ते हात न धुता जेवत, हे मला कधीच पटलं नाही.

१३ सप्टेंबर, रविवार
तिला झुरळ लागतं. जिवंत. गेल्या महिन्यात मीच पुढाकार घेऊन पेस्ट कंट्रोल करवलं, त्यामुळे घरात एक झुरळ नाही. स्वच्छ राहण्याची ही शिक्षा. सौ.ने मागच्या चोकडीत, भांडी घासतात तिथल्या मोरीची जाळी उचलून दोन पकडली. हातानं. मिशा बाहेर वळवळत होत्या. त्याच हातानं मग पोळ्या केल्या. साबण लावला होता म्हणते. मी भातावर भागवलं.

टँकमध्ये टाकायचं कामही तिच्याकडेच सोपवलं. पंचवीस वर्षं स्टोअर्सचा सुपरवायझर होतो. सुपरवायझर स्वतः पोती उचलत नाही.

१४ सप्टेंबर
इंगळी झुरळ खाते तेव्हा आवाज येतो. कुरकुरीत. पॅसेजपर्यंत ऐकू येतो. जेवताना सौ.ने पापड वाढला. नको म्हटलं.

१५ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९
बाळंत झाली. सौ.ने कणीक मळता मळता सांगितलं. अंडी नाहीत, सरळ पिल्लंच. पांढरी, ओलसर, आईच्या पायांवरून चढून पाठीवर एकावर एक बसतात. सौ. म्हणते, किती गोजिरवाणी. मी दारातून एक नजर टाकली. शिजलेला भात हलत होता. आता भातही बंद.

सौ.ने सत्तावीस मोजली. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'सत्तावीस. स्वतः मोजली.' घरातल्या माणसानं मोजली म्हणजे तेच.

१६ सप्टेंबर
बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस पुरुषानं पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत आहे. शलाकाच्या वेळीही मी पाळली होती. काल एवढ्या गडबडीत हे लक्षातच आलं नाही. सौ.ला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग सोयरही पाळा, दहा दिवस देवाला शिवू नका. पाळतो म्हटलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रीतिरिवाजाबद्दल बायकांना आदर राहिला नाही.

रजिस्टर : सर्व ठीक.

१८ सप्टेंबर
उपाय सापडला. पणजोबांची पितळी दुर्बीण माळ्यावरून काढली. पॅसेजमध्ये खुर्ची टाकली की खोलीत न जाता टँक दिसतो. रीतही राहते, निरीक्षणही होतं. एका भिंगाला भेग आहे, पण रिसाल्याचं काम तिच्यावर चाललं होतं.

५.३०
दुर्बिणीतून इंगळी म्हशीएवढी दिसते. पाठीवर वळवळ. पिल्लांना डोळे आहेत, काळे ठिपके, सगळे माझ्याकडे.  खुर्ची मागे घेतली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. तिथून टँकची फक्त कड दिसते. दुर्बीण जुनी झाली आहे.

रजिस्टर : सर्व ठीक.

२० सप्टेंबर
शेजारच्या ताराबेनना सौ.ने सांगितलं की आमच्याकडे सुवावड, म्हणजे बाळंतपण, आहे. त्यांनी विचारलं, छोकरो के छोकरी? सौ. म्हणाली, सत्तावीस. तोवर त्यांनी शिऱ्याचा डबा हातात दिलेला होता, तो परत घेणं बरं दिसलं नसतं. असल्या बाळंतपणाचा शिरा खायचा विचारसुद्धा ओंगळ आहे. दोन वाट्या खाल्ला. बदाम होते.

२२ सप्टेंबर
नवरात्र बसलं. सौ. संध्याकाळी सोसायटीच्या गरब्याला जाते. जायच्या आधी टँकमधलं बूच पाण्यानं भरते, मग कॅलेंडरवर काहीतरी खरडते. दुधाचे खाडे असतील.

रजिस्टरमध्ये नुसतं 'सर्व ठीक' बरं दिसत नाही. आजीकडून ऐकलेली माहिती घातली : इंगळीची पिल्लं आईला खाऊन मोठी होतात. पोटची पोरं. हे साऱ्या बडोद्याला माहीत आहे. शलाकाच्या पुस्तकात नसेल.

२५ सप्टेंबर
दहा दिवस संपले. आजपासून खोलीत जायला हरकत नव्हती. पाठ धरली आहे. उद्यापासून.

२६ सप्टेंबर, शनिवार. संध्याकाळी ७.४५
भयंकर. सौ. गरब्याला गेली म्हणून खुर्ची जरा पुढे सरकवून दुर्बीण लावली. आई नाही. टँकच्या तळाशी पांढरी सालं पडली आहेत, चुरगळलेली, ओली. बाजूला एक काळा पाय. नुसता पाय. आणि पिल्लं त्यातून फिरताहेत, आता तपकिरी, टुमटुमीत, जेवून उठल्यासारखी. अर्थ उघड आहे.  तीन वेळा चूळ भरली.

८.२०
शलाकाचा एसटीडीवरून फोन. सांगितलं, पोरांनी आईला खाल्लं. किती वाजता, विचारलं. सहा वीस ते सात चाळीस. सुरुवात कुठून? शेपटीकडून.  मग म्हणाली, पप्पा, तुम्ही खरंच पाहिलंत? या दोन डोळ्यांनी, म्हटलं. दुर्बीण लावली तरी डोळे माझेच. म्हणाली, सरांना आत्ता सांगते. आणि ठेवता ठेवता म्हणाली, मला माहीत होतं पप्पा, तुम्ही नीट कराल.

रजिस्टरमध्ये चार पानं लिहिली. उत्तम उतरली आहेत. सौ.ला बोललो नाही. दहा-बारा दिवस तिनं त्या इंगळीला खाऊ घातलं, आणि आज गरब्याहून खुशीत आली होती. तिला उगाच वाईट वाटेल.

२७ सप्टेंबर, रविवार. दुपारी २
साडेअकराला जीप आली. घाटगे सर, शलाका, सात विद्यार्थी. कॅम्प सोडून, पहाटे निघून. सरांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, हिंमतराव, आमच्या बावीस वर्षांत हे कुणी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. माझी चार पानं त्यांनी उभ्यानं वाचली, दोनदा. शलाका माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझी बाही धरली होती.

मग तिनं झाकण काढलं आणि कौल उचललं. खाली इंगळी. धडधाकट. नांगी वर केली. पाठीवर तीन पिल्लं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सर हळू आवाजात म्हणाले, पांढरी सालं ही पिल्लांची कात, आणि पाय झुरळाचा. मी म्हटलं, असं होय. शलाकानं बाही सोडली.

सौ. चहा घेऊन आली. काय झालं ते कळल्यावर ट्रे ठेवला आणि भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून सरांच्या हातात दिलं. रोजची नोंद. पंधराला सत्तावीस पिल्लं. पंचवीसला सकाळी कात. सव्वीसला दुपारी तीन वाजता पहिलं पिल्लू खाली उतरलं, रात्रीपर्यंत बाकीची उतरतीलसं वाटतं. सरांनी ते पान मागून घेतलं.

शलाकानं मला एवढंच विचारलं, पप्पा, तुम्ही एकदा तरी झाकण उघडलंत का? मी म्हटलं, मला किळस येते ग.  तिनं रजिस्टरच्या पहिल्या पानावर माझ्या नावावर रेघ मारली आणि पुढे आईचं नाव लिहिलं, 'कुसुमावती'. अक्षर तसंच आहे, चांगलं.

संध्याकाळी ५
टँक युनिव्हर्सिटीत गेला. नेण्याआधी मोजणी झाली. सव्वीस. पुन्हा मोजली. सव्वीस. झाकण उघडं होतं तेवढ्यात एक बाहेर पडलं.

हे मी डायनिंग टेबलावर बसून लिहितो आहे. पाय वर घेतले आहेत. शलाकानं तासभर घर शोधलं. शेवटी माझे बूट घेतले. एकेक उलटा करून जमिनीवर आपटला, आत बोट घालून टोकापर्यंत पाहिलं आणि टेबलाखाली जोडीनं ठेवला. ती बालवाडीत होती तेव्हा पावसाळ्यात रोज सकाळी तिचे बूट मी असेच बघत असे. बोट आत घालताना डोळे मिटून घेत असे. हे तिला माहीत नाही.

ती म्हणाली, पप्पा, बघितलंय मी सगळं, आता उतरा खाली.

पाऊण तास झाला. उतरलेलो नाही. आणि ही किळस नव्हे.