तुझ्या बोटीतलं पाणी

भाट्ये, रत्नागिरी
२३ नोव्हेंबर

प्रिय शमू,

अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. दिवाळीच्या आधीच लिहायला बसलो होतो. दोन कागद लिहून फाडले, तिसरा तुझ्या आईने चकल्यांचं तेल निथळायला घेतला. फोन आहे की, असं तू म्हणशील. पण फोनवर मी तुला जेवलीस का, गॅसचं बटण नीट बंद केलंस का, एवढंच विचारतो आणि बोलायचं ते राहून जातं. मग तुझी मीटिंग निघते. मी चौथी शिकलेला माणूस, अक्षर लागेल तसं लावून घे. महेंद्रने सांगितलं की डिसेंबरच्या सात तारखेला, रविवारी, गोव्याचा एक जण तुझी बोट बघायला येणार आहे आणि पसंत पडली तर ट्रकवर घालून नेणार आहे. बाबांना सांगू नकोस असं तू त्याला बजावलं होतंस म्हणे. माझ्या बहिणीचा मुलगा तो, तिच्यासारखाच. त्याच्या पोटात काही राहत नाही. ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही, म्हणून आज पक्कं ठरवून बसलोय.

घरी सगळं ठीक आहे. आईचा गुडघा थंडीने धरतो, पण तोंड चालू आहे. मागच्या दाराची माडाची झाप पडली ती नेमकी तुळशीवर, कुंडी फुटली नाही. तू दिवाळीला आली नाहीस म्हणून आईने तुझ्या वाटणीचे अनारसे डब्यात बंद करून ठेवलेत, मला हात लावू देत नाही. पुण्याला थंडी पडली असेल, कानाला बांधून जात जा. तुझ्या गाडीच्या मागच्या टायरची हवा बघत जा. मला उगीच काळजी लागते असं तू म्हणतेस. उगीच लागत नाही गो, काळजीला कारण लागतंच असं नाही, एवढंच.

बोट पुलाजवळच्या खुंटाला आहे. मी रोज सकाळी आणि ओहोटी लागली की बघून येतो. तुझी आई म्हणते, अवो, जरा टेका, बोट काय पळून जात नाय. पण त्या दिवशी बोट जवळजवळ गेलीच होती, ते तुला महेंद्रने अर्धंच सांगितलं. गणपती झाले, बोट पाण्यात घालून तू पुण्याला गेलीस, त्यानंतरचा पाचवा दिवस. मी गेलो तर मागची बाजू इतकी खाली बसलेली की बसायच्या खळग्यात पाणी आलेलं. तो खळगा कोरडा राहावा म्हणून तू तळापासून दोन नवे पाइप घातले होतेस, त्यातूनच पाणी उलटं वर चढलेलं. आत गुडघाभर पाणी. बॅटरी बुडालेली, गाद्या तरंगत होत्या, तुझं ते नकाशांचं जाड पुस्तक फुगून भाकरीसारखं झालेलं. मी महेंद्रला हाक मारली. तो बोटदुरुस्तीची शेड उघडी टाकून धावला. आम्ही दोघांनी बादलीने उपसलं, मग भरतीच्या वेळी बोट काठावर ओढली. डाव्या पाइपाची जी तोटी तळातून बाहेर निघते, तिच्या कडेला केसाएवढी चीर होती. महेंद्रने तिथूनच तुला फोन लावला आणि सरळ सांगून टाकलं की ताई, तू बसवलेली तोटी फुटली. तर तू म्हणालीस म्हणे, माझ्या हाताचा भरवसा नाही, उद्या मी कोणाला तरी बुडवीन, गिऱ्हाईक बघ.

पाणी एका दिवसात भरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीच मला तळाशी वाटीभर पाणी दिसलं होतं आणि तोटीखाली थेंब धरत होता. मी घाबरलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा घाबरायला हवं होतं तेव्हा नाही घाबरलो. पस्तीस वर्षं लाकडाच्या बोटी केल्या. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकायचा, राळ भरायची आणि बोट पाण्यात घालायची. नवी बोट पहिले दोन दिवस गळतेच. आम्ही म्हणायचो, पिऊ दे तिला. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. कोणी धावपळ केली तर म्हातारे सुतार हसायचे. तसा मीही खुंटाजवळ बिडी ओढत बसलो आणि पिऊ दे म्हणालो. तीन दिवस. महेंद्र नंतर मला म्हणाला, मामा, हे फायबर आहे, लाकूड नाय, याला वर्षभर पाण्यात ठेवलंत तरी फुगायचं नाय. सगळ्या जेटीवर ही गोष्ट झाली. आता मी दिसलो की खलाशी ओरडतात, काय मिस्त्री, बोट प्यायली का? मी हसतो. हसण्याखेरीज काय करणार.

तुला आठवतं का, सातवीत असताना शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तू पाण्याचा पंप केला होतास? सलाइनची नळी आणि दोन डबे. आदल्या दिवशी तो गळायला लागला. तू खाली बसून गळती शोधत होतीस आणि मी तुझ्या हातातून तो काढून घेतला. बाजूला सर म्हणालो, तुला नाय जमायचं, दे इकडे. पाच मिनिटांत करून दिला. पंपाला दुसरा नंबर आला आणि तू बक्षीस घ्यायला गेलीच नाहीस. शाळेच्या बाई घरी देऊन गेल्या. मला वाटलं, पोरगी लाजाळू आहे. तू त्यानंतर दहा वर्षं हातात पाना धरला नाहीस, हे मात्र माझ्या लक्षात यायला म्हातारपण यावं लागलं. आणि दोन वर्षांपूर्वी तू ही जुनी शिडाची बोट घेतलीस, शनिवार-रविवार येऊन ग्रीसने कोपरापर्यंत काळी व्हायला लागलीस, जेवताना आईशी हसून बोलायला लागलीस, तेव्हा मी काय केलं? हे बाईमाणसाचं काम नाय, एवढं बोललो. तू ऐकलं नाहीस, ते बरं केलंस.

आता बोटीचं सांगतो. दोन्ही तोट्या काढल्या. उजवी चांगली होती, पण एकाला एक जोड हवी म्हणून दोन्ही कांस्याच्या आणवल्या, महेंद्रने कोचीहून मागवल्या. जुना गोंद खरवडून भोकाची कड पार कोरी केली. पाइप नवे घातले, प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा, एकीचा स्क्रू इकडे, दुसरीचा तिकडे, जसं तुझ्या वहीत चित्र काढलंयस तसंच. वही वरच्या फळीवर होती, भिजली नाही. तुझं अक्षर मला वाचता येतं. त्यात लिहिलंयस, नट हाताने बसेल तितका बसवायचा, मग पान्याने अर्धा पिळा, जास्त नाही. मी तेवढंच केलं आणि पाना तुझ्या आईकडे दिला. म्हटलं, हा लपव, मी मागितला तरी देऊ नकोस. तिने तो कुठे ठेवलाय देव जाणे. चार वेळा मागून झाला, चारही वेळा शिव्या खाल्ल्या. बोट पुन्हा पाण्यात घातली त्याला आज सोळावा दिवस आहे, बोटीत थेंब नाही.

शमू, आता जे लिहायचं ते लिहितो. यासाठीच दोन कागद फाडले होते. तू बसवलेली तोटी फुटली नव्हती. बोट पाण्यात घातल्यावर तू तोटीखाली वर्तमानपत्राचा तुकडा अंथरून रात्रीच्या गाडीने गेलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत शिरलो तेव्हा तो कागद कोरडा ठणठणीत होता, त्यावरची अक्षरंसुद्धा पसरली नव्हती. तुझं काम पक्कं होतं. ते बघून मी घरी यायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, पोरीच्या हाताने कितीसं आवळलं असणार, समुद्रात सुटलं तर? लाकडात जोर लावावा तितका थोडा, तीच सवय. मी पाना घातला आणि दोन पिळे दिले, पूर्ण दोन, सगळं अंग टाकून. टक्क असा आवाज आला. मला वाटलं, छान बसलं. ते प्लॅस्टिक होतं, ते फुटलं होतं. बुडालेली बोट मी उपसली तेव्हा मला चीर बघताक्षणी कळलं. महेंद्र तुला फोन करत होता आणि मी शेजारी ओला उभा होतो. त्याच्या हातातून फोन घ्यायला हवा होता. नाही घेतला. सगळे खलाशी उभे होते, त्यांची लाज वाटली. मग आज सांगू, उद्या सांगू. अजून तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही, महेंद्रलाही नाही. तुला पहिल्यांदा सांगतोय.

बोट ठेव असं मी म्हणणार नाही. तुझी आहे, तुला नकोशी झाली असेल तर दे. पण तुझा हात कच्चा म्हणून देऊ नकोस, तो माझ्याहून पक्का आहे, आणि हे मी तुझ्यासमोर जेटीवरच्या चार माणसांत बोलून दाखवीन. पत्र स्पीड पोस्टाने टाकतोय, पोस्टातली बाई म्हणाली तीन दिवसांत मिळेल. त्या गोव्याच्या माणसाने शनिवारी पणजीहून निघायचं म्हणे, त्याआधी मला कळव. फोनवर बोलावंसं वाटलं नाही तर महेंद्रच्या मोबाइलवर दोन शब्द लिही, तो मला दाखवील. हो म्हण किंवा नको म्हण, शिव्या दे, पण गप्प राहू नकोस गो बाय. मी वाट बघतोय.

तुझाच,
बाबा