आबांच्या नावाचा काढा

वहिनी,

"झाडाला आदल्या दिवशी अक्षता वाहून विचारावं, मगच साल काढावी," असं आई सांगायची. काल ओढ्याकाठच्या अर्जुनाला विचारून आले, म्हणून आज जायलाच हवं.

चुलीवर त्याच्याच सालीचा, काळजासाठीचा दुधातला काढा आहे, पाणी आटलं की उतरवा. आबांना द्यावा का देऊ नये, मलाच कळेना! त्यांचं काळीज दणकट, तरी तुमी पाजून राहिल्या तेव्हापासून म्हणतात, "गंगे, छाती कशी मोकळी झाली बघ!" आता त्यांचं बंद कसं करू?

आबांसाठी उकळते, हे मी खोटंच सांगितलं. दादा स्थळं बघून राहिलेत, म्हणून मी खरं बोलले न्हाई. वहिनी, घागर उचलली की छातीत कळ येते, ती मला.

गंगू