फडक्यांची सिस्टिम

सोमवार, १ फेब्रुवारी. सकाळी ७.१०
आजपासून घरात टिश्यू रोल, कागदी नॅपकिन, एकदा वापरून फेकायचं सगळं बंद म्हणजे बंद. उरलेले चार रोल स्वतः जाऊन वॉचमनला देऊन आलो. त्याऐवजी चोवीस सुती फडकी आणली. पुसा, धुवा, पुन्हा वापरा. बायकोने विचारलं, धुणार कोण? म्हटलं, मी! एवढं काय त्यात? मशीनमध्ये मात्र टाकायची नाहीत, असं सगळ्यांना बजावलं. कापड लवकर विरतं.

२ फेब्रुवारी
ऑफिसात सांगून टाकलं. साहेब खूश. २६ तारखेला अख्ख्या स्टाफसमोर माझं प्रेझेंटेशन.

३ फेब्रुवारी
तीन फडकी हाताने धुतली. जमतं की! तेवढ्यात फोन आला. बाकीची बादलीत भिजत ठेवली. भिजली की मळ सुटतो.

४ फेब्रुवारी
कमाल आहे. सगळी फडकी स्वच्छ, घडी घालून ड्रॉवरमध्ये! सिस्टिम एकदा बसली की आपोआप चालते.

९ फेब्रुवारी
लेकीला डेटाचं काम दिलं. सातवीत आहे, तिला काहीतरी वळण हवं. बादलीशेजारी तक्ता लावायचा, १ तारखेपासून धुतलेल्या प्रत्येक फडक्याची रेघ ओढायची, शेवटी त्याची स्लाइड करायची. कुणी धुतलं तेही लिहू का, विचारत होती. म्हटलं, लिही, डेटा पूर्ण हवा.

१५ फेब्रुवारी
बायकोचं मनगट दुखतंय. मोबाईल, दुसरं काय! कमी वापर म्हटलं तर बादली आपटून निघून गेली. चांगलं सांगायचीही सोय नाही.

१९ फेब्रुवारी
डॉक्टरांनी तिला मनगटाचा पट्टा दिला. कपडे पिळणं पूर्ण बंद. इथे पिळण्याचा काय संबंध? हल्लीचे डॉक्टर! ती चार दिवस बहिणीकडे गेली.

२० फेब्रुवारी
सिस्टिम बिघडली. ड्रॉवर रिकामा, बादलीला वास. ऐन वेळेला हे असं! बादलीवर झाकण ठेवलं. आणखी चोवीस फडकी आणली.

२३ फेब्रुवारी. रात्री ८
वैताग आहे नुसता! नवी फडकीही संपली. वॉचमनला सहज विचारलं, रोल उरलेत का. संपले म्हणाला. पहिली चोवीस नाक धरून कचऱ्यात टाकली. सुती आहेत, कुजतील. पर्यावरणाला चालतं. दुसरी चोवीस बादलीत भिजत घातली.

२४ फेब्रुवारी
बायको परत आली. बादलीचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. मनगटाचा पट्टा घट्ट करत आत गेली.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी. संध्याकाळी ७
लेकीची स्लाइड आधी बघायला हवी होती. पडद्यावर हे मोठ्या अक्षरात: धुतलेली फडकी ३१२. आई ३०९, बाबा ३. फेकलेली २४, सगळी बाबांनी. हॉल हसून हसून लोटपोट. साहेबांनी विचारलं, मग वहिनींना का नाही बोलावलंत बोलायला?

लाज वाटली. खरंच वाटली. तीनशे नऊ वेळा पिळलं तिने, आणि मी मोबाईलला नावं ठेवत बसलो.

घरी आल्या आल्या बादली घेऊन बसलो. अकरा धुतली. मनगट भरून आलं. बायको दारात उभी होती. तिने विचारलं, पट्टा देऊ का? मी नको म्हटलं. मग लेक तक्ता घेऊन आली. वाळत घातलेलं एकेक फडकं दाबून बघितलं आणि माझ्या नावापुढे चार रेघा ओढल्या. बाकीच्या सातांतून पाणी गळतंय म्हणाली, न पिळलेली धरत नाहीत.