भाषणानंतरचा कागद

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत उत्तम आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथल्या वाचनालयात मंगळवारी आम्हा निवृत्तांचा वर्ग भरतो. कविता आणि भाषणं यांतला संदेश ओळखायचा. एका कवितेतली म्हातारी रोज दार उघडं ठेवते. बाई म्हणाल्या, संदेश असा की आशा सोडू नये. मी म्हटलं, "अहो, तिच्याकडे कुणी येत नाही, एवढंच आहे ते!"

भाषणं मात्र मला बरोबर कळतात. परवा जेवताना आमच्या चिरंजीवांनी एक ठोकलं. आधी माझं कौतुक, मग तिकडे गावच्या घरात एकटी पडलीस तर काय ही भीती, शेवटी "आई, निर्णय तुझाच." आपल्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, बोलणारा थांबला की त्याचा हात कुठे जातो ते बघा. हात खिशात गेला.

"कसला कागद रे?"

"घर विकायचा. फक्त सही कर."

मी केली नाही. तेव्हापासून घरात कुणी माझ्याशी धड बोलत नाही.

आता तो तुला फोन करेल. कौतुक ऐकून घे, पण तुझ्याकडे ठेवलेली माझ्या घराची किल्ली देऊ नकोस. आणि तिथे झाडायला जाशील तेव्हा थोडा वेळ दार उघडं ठेव.

अजून सही न केलेली,
तुझी ताई