सासरचा सर्च

सोमवार, ३ मार्च २०२५
दुरुस्ती. शुक्रवारी लिहिलं की त्या बड्या कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये आमच्या ब्राउझरला हसला. तो हसला नाही. ‘गोड आहे’ म्हणाला. हे जास्त वाईट. (सातवीपर्यंत बाबांनी आम्हा बहिणींना घरीच शिकवलं. लिहिलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्ती करायची, ही त्यांची शिस्त.)

आमचा ब्राउझर स्वतंत्र आहे. पहिल्याच पानावर तसं मीच लिहिलंय. फक्त आतलं इंजिन त्यांचं, सर्च त्यांचा, आणि तो आपोआप लागतो म्हणून ते आम्हाला जे पैसे देतात त्यावर आमचे पगार. ऑफिसात त्यांना सगळे ‘सासर’ म्हणतात. साधं बटण हलवलं तरी सर विचारतात, सासरी कळवलंत का?

सूड घेणार. ठरलं.

मंगळवार, ४ मार्च
सासरचा सर्च काढून एका छोट्या, प्रामाणिक कंपनीचा बसवायचा. मनात भीती नाही. पोटात आहे.
शेजारची टेस्टर म्हणाली, बाई गं, नोकरी नकोशी झालीय का? तत्त्वाचा प्रश्न आहे म्हटलं. तर म्हणे, मग उद्यापासून डब्यात तत्त्वच आण.

शुक्रवार, ७ मार्च
सर नमले. आठवडाभर, थोड्याच लोकांवर प्रयोग. सासरहून फोन आलाच तर ते म्हणे गावाला गेलेले असतील.
आता बघाच.

सोमवार, १७ मार्च
निकाल. नव्या सर्चमध्ये लोकांनी सगळ्यात जास्त काय शोधलं? सासरचं नाव. त्याखालोखाल, आमचा ब्राउझर कसा काढून टाकायचा. टेस्टर टेबलावर डोकं ठेवून हसली.
घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, अगं, त्यात मीही असेन, मला वाटलं मशीनच बिघडलं.
हा पराभव नाही. लोक अजून तयार नाहीत.

गुरुवार, २० मार्च
तोच माणूस नवा करार घेऊन आला. एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवून बसले होते. पण मुदतीच्या कलमात ‘तीन वर्षं’ऐवजी ‘एक वर्ष’ पडलं होतं. राहवेना. दाखवलं. त्याने मनापासून आभार मानले आणि तिथेच दुरुस्ती केली. सर माझ्याकडे बघत राहिले. सह्या झाल्या.

असो. सूड घाईत घ्यायचा नसतो. करार ३१ मार्च २०२८ला संपतो. दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला त्यांचा सर्च काढणार.

दुरुस्ती. त्या दिवशी शनिवार आहे, ऑफिस बंद. सोमवार, ३ एप्रिल २०२८.